गोलरक्षकाने कर्णधार व्हावे काय?



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहीजण म्हणाले असतील, "मास्तरांना हे काय सुचले?" बर्फावरची हॉकी, तीही कॅनडा-अमेरिकेतली; आणि त्या हॉकीतल्या गोलरक्षकाला कर्णधार करावे की करू नये, हा प्रश्न! आपल्याकडे माघात पहाटे बोटे गारठतात इतकेच, विहिरीचे पाणी काही गोठत नाही. तरीपण घटकाभर ऐका. ज्या शिक्षकाला वर्षातून एकदा संघाचा नायक निवडावा लागतो, त्याच्यापुढे हा प्रश्न आज ना उद्या येतोच. माझ्यापुढे तो आला होता, आणि मी त्याचे उत्तर चुकवले.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत व्यायाम शिक्षक होतो. कोल्हापूर म्हटले की आपल्याला तालीम आणि कुस्ती आठवते. पण तिथे फुटबॉलचे वेडही तितकेच जुने आणि तितकेच कडक. आमच्या शाळेचा संघ साधाच होता. एके वर्षी पाच-सहा मुले मजकडे आली आणि म्हणाली, "सर, यंदा नायक गोलकीपरला करा." मी हसलो. म्हटले, "अरे, तो मागे जाळ्यापाशी उभा. पुढच्यांना तो काय सांगणार? पंचांकडे धावत कोण जाणार?" आणि मी आघाडीच्या मुलाला नायक केले. तो गोल बऱ्यापैकी करीत असे, आणि गोल करणारा सगळ्यांना दिसतो, हेच त्यामागचे खरे कारण होते.

आता गंमत बघा. हा गोलरक्षक मुलगा त्याआधी सामनाभर ओरडत असायचा. "डावीकडे बघ", "मोकळा सुटलाय तो", "मागं या रे". नायक दुसरा झाला आणि याचा आवाज बंद पडला. गोल मात्र मन लावून राखी. मी एकदा विचारले, "का रे, हल्ली गप्प का?" तर म्हणाला, "सर, सांगायचं काम आता त्याचं आहे." मुलगा रागाने बोलत नव्हता हो. त्याला तसेच वाटत होते. माझा एक निर्णय, आणि संघाचा मागचा डोळा मिटला. त्या वर्षी आम्ही हरलो याचे मला फारसे वाटत नाही, हार-जीत चालायचीच. पण ते वाक्य डोक्यात राहिले.

पुढे सेवानिवृत्त झाल्यावर भाच्याकडे कॅनडात जाण्याचा योग आला. त्याने मला बर्फावरच्या हॉकीचा सामना दाखवला. एका खेळाडूच्या छातीवर इंग्रजी 'सी' हे अक्षर पाहून मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मामा, तो कॅप्टन." मी सहज विचारले, "गोलकीपरला करतात का कधी कॅप्टन?" तो म्हणाला, "नाही. नियमानेच बंदी आहे." मला एकदम आमचा तो मुलगा आठवला. जे मी आपल्या मनाने केले होते ते इथे पुस्तकात छापलेले! मग हा नियम आला कुठून याच्या मागे मी लागलो. त्याचीच ही हकिकत.

आधी खेळाची थोडी ओळख करून देतो. आपल्या लडाखात हिवाळ्यात तळी गोठली की तिकडची मुले-मुलीही हा खेळ खेळतात. मैदान बर्फाचे, उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये ते २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद असते, आणि भोवती कठडा. पायात पाते लावलेले बूट. चेंडूऐवजी कडक रबराची चकती, तीन इंच व्यासाची आणि एक इंच जाडीची. दिसायला लहान, पण कसलेल्या खेळाडूने मारली तर ताशी १५० किलोमीटरच्या पुढे जाते. गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. म्हणजे जुन्या वाड्याचे एक दार आडवे करून ठेवावे एवढा. त्या दारात हा गोलरक्षक उभा. दोन्ही पायांना जाड पट्ट्या, छातीवर गादी, एका हातात रुंद काठी, दुसऱ्या हातात मोठा पंजा. पूर्वीच्या काळी त्या पायपट्ट्या चामड्याच्या असत, आत केस भरलेले. बर्फाच्या पाण्याने भिजल्या की आणखी जड होत.

प्रत्येक बाजूला गोलरक्षक धरून सहा खेळाडू. त्यातले पाचजण पाऊण-एक मिनिट जीव खाऊन पळतात, दमले की कठड्याबाहेर जातात आणि ताज्या दमाचे पाच आत येतात. खेळ चालू असतानाच ही अदलाबदल होते. गोलरक्षक मात्र जागचा हलत नाही. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव, साठ मिनिटे तो उभा. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

आणि कर्णधार? आपल्याला क्रिकेटमुळे वाटते की कर्णधार म्हणजे सगळे ठरवणारा. गोलंदाज तो बदलणार, क्षेत्ररक्षण तो लावणार. बर्फावरच्या हॉकीत तसे नाही. कोण आत जाणार, कोण बाहेर येणार, हे कठड्यामागे उभा असलेला प्रशिक्षक ठरवतो. नियमपुस्तकाने कर्णधाराला दिलेला अधिकार मुख्यत्वे एकच: एखाद्या नियमाच्या अर्थाबद्दल शंका असेल तर पंचांशी बोलण्याचा. बाकीचे जे कर्णधारपण, म्हणजे पोरांना धीर देणे, भांडणे मिटवणे, हरल्यावर चार लोकांपुढे उभे राहणे, ते पुस्तकात लिहिलेले नसते. कुठल्याच पुस्तकात नसते.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. मॉन्ट्रिऑल शहराचा कॅनेडियन्स नावाचा नामांकित संघ आहे. १९४० नंतरच्या दशकात बिल डरनन हा त्याचा गोलरक्षक होता. मोठा विलक्षण माणूस. दोन्ही हातांनी सारखाच चपळ! त्याने हातमोजे असे करवून घेतले होते की काठी या हातातून त्या हातात क्षणात जाई आणि दोन्ही हातांनी चकती झेलता येई. समोरच्याला कळतच नसे की याची कमजोर बाजू कुठली. १९४८ च्या जानेवारीत त्यांचा कर्णधार टो ब्लेक जबर जखमी झाला, त्याची कारकीर्दच तिथे संपली, आणि उरलेल्या हंगामासाठी कर्णधारपण डरननकडे आले.

डरनन आपले काम चोख करणारा. पंचांनी काही निर्णय दिला आणि शंका वाटली की तो गोल सोडून निघे. आता विचार करा. दोनशे फुटांचे मैदान, पंच बहुधा पार पलीकडे, आणि हा एवढे ओझे अंगावर घेऊन तिथवर जायचा, बोलायचा, परत यायचा. गोल मोकळा ठेवून खेळ कसा सुरू करणार? म्हणजे तोवर सगळे थांबलेले. आणि थांबलेल्या वेळात काय होते? दमलेले पाच खेळाडू श्वास घेतात. ज्या खेळात पाऊण मिनिटाच्या धावेवर सगळा हिशेब, तिथे फुकटची विश्रांती म्हणजे सोने. समोरच्या संघांनी ओरड केली की हा माणूस शंका विचारायला जात नाही, वेळ काढायला जातो. तो खरोखर वेळ काढी की मनापासून विचारी, हे त्याचे त्यालाच ठाऊक. पण पुढच्या हंगामापासून, म्हणजे १९४८-४९ पासून, लीगने नियम केला की गोलरक्षकाने कर्णधाराचे काम करू नये. लोक त्याला डरनन नियमच म्हणतात. तो आजही पुस्तकात आहे.

हे वाचले तेव्हा मला आमच्या शाळेच्या मैदानावर मीच उच्चारलेले वाक्य ऐकू आले: पंचांकडे धावत कोण जाणार? पण मी आणि ती लीग यांत एक फरक आहे, बरं का. त्यांचा नियम अंतरामुळे आणि वेळेमुळे झाला. गोलरक्षकाला पुढारीपण जमत नाही म्हणून नव्हे. मी मात्र वेळेचे कारण पुढे करून पुढारीपणाचाच निकाल लावला. आणि खरे सांगायचे तर लीगचाही नियम दुखण्यापेक्षा मोठाच झाला. गोलरक्षकाने जागा सोडून पंचांकडे जाऊ नये, एवढे लिहिले असते तरी भागले असते. बैल कुंपण ओलांडतो म्हणून कुंपण उंच करावे. त्याला औतालाच जुंपायचे नाही, हा कुठला न्याय?

डरननच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते, तरी सांगतो. त्या काळी सर्वांत कमी गोल खाणाऱ्या संघाच्या गोलरक्षकाला व्हेझिना नावाचा करंडक देत. डरनन सात हंगाम खेळला आणि त्यातल्या सहांत तो करंडक त्याने घेतला. हुकलेला हंगाम एकच, १९४७-४८. ज्या हंगामात तो कर्णधार होता तोच! शिवाय त्या वर्षी त्याचा संघ बाद फेरीपर्यंतही पोहोचला नाही. आता कोणी म्हणेल, झाले, पुरावा मिळाला. कर्णधारपणाने गोलरक्षक बिघडला. मला हे पटत नाही. ब्लेकसारखा माणूस निम्म्या हंगामात गेला, संघ तसाच ढिला पडला होता, आणि डरननकडे जबाबदारी आली ती घर गळायला लागल्यावर. पण हा आकडा झाकून ठेवून मी माझे म्हणणे मांडले असते तर ते बरे झाले नसते. दोनच वर्षांनी, १९५० साली, ऐन बाद फेरीत त्याने आपणहून जागा दुसऱ्याला दिली आणि खेळ सोडला. मनावरचा ताण सोसवेना, असे त्याचे म्हणणे होते. तेव्हा तो कर्णधार नव्हता. वय चौतीस. आणि लक्षात घ्या, तोंडावर मुखवटा नाही! मोठ्या लीगमध्ये मुखवटा रूढ झाला तो १९५९ च्या नोव्हेंबरात जॅक प्लांटचा चेहरा फाटल्यावर, टाके घालून परत येताना त्याने तो चढवला तेव्हापासून. उघड्या तोंडाने त्या चकतीपुढे उभे राहणाऱ्याला कर्णधारपणाचे ओझे जड की त्या जागेचेच जड, हे वेगळे कसे करणार?

डरननच्या आधीही गोलरक्षक कर्णधार होऊन गेले होते. १९३० च्या आसपास तर चार-पाच संघांनी तसे केले. त्यातल्या एकाचीच हकिकत सांगतो.

चार्ली गार्डिनर. जन्म स्कॉटलंडात एडिंबरोला, लहानपणीच आईबापांबरोबर कॅनडात विनिपेगला आला. शिकागोच्या ब्लॅक हॉक्स संघाचा हा गोलरक्षक. हसतमुख आणि बोलका. मागे उभा राहून सगळ्यांना सूचना देत राहायचा, अगदी आमच्या त्या मुलासारखा. १९३३-३४ साली तो कर्णधार झाला. त्या हंगामात घशाच्या जुन्या दुखण्याने तो बेजार होता. कधी ताप, कधी डोके असे दुखे की डोळ्यांपुढे अंधारी यावी. तरी खेळत होता. स्टॅन्ली कप नावाचा त्या खेळातला सर्वांत मोठा करंडक, त्याच्या अंतिम फेरीत शिकागो आणि डिट्रॉइट समोरासमोर आले. १० एप्रिल १९३४ ला चौथा सामना. साठ मिनिटे संपली, गोल नाही. जादा डाव झाला, गोल नाही. दुसरा जादा डाव सुरू झाला. प्रत्यक्ष खेळाची दीड तासाच्या सुमारास मिनिटे झाली तेव्हा कुठे शिकागोच्या मश मार्चने गोल केला. एक विरुद्ध शून्य. म्हणजे त्या आजारी माणसाने तेवढा वेळ एकही चकती आत जाऊ दिली नाही. शिकागोने पहिल्यांदाच तो करंडक जिंकला. एका सोबत्याने आधी कबूल केले होते की आपण जिंकलो तर तुला हातगाडीत बसवून शहरातून फिरवीन. त्याने शब्द पाळला आणि कर्णधाराला भर रस्त्यातून ढकलत नेले. दोन महिन्यांनी, १३ जूनला, मेंदूत रक्तस्राव होऊन गार्डिनर विनिपेगमध्ये वारला. वय एकोणतीस.

कर्णधार म्हणून स्टॅन्ली कप जिंकणारा गोलरक्षक हा एकच. बंदी आल्यावर दुसरा होणे शक्यच नव्हते.

योगायोग असा की त्याच १९३४ च्या जून महिन्यात फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना इटली आणि चेकोस्लोव्हाकिया यांच्यात झाला, आणि दोन्ही संघांचे कर्णधार गोलरक्षक होते, कोम्बी आणि प्लानिच्का. फुटबॉलला हे कधी वावगे वाटलेच नाही. १९८२ साली इटलीचा डिनो झॉफ चाळिसाव्या वर्षी कर्णधार म्हणून विश्वचषक घेऊन गेला. आपल्या गवतावरच्या हॉकीतही तसेच. शंकर लक्ष्मण हे नाव जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. महूचा माणूस, मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडपथकात भरती झालेला. १९५६, १९६० आणि १९६४ या तीन ऑलिंपिकांत त्याने भारताचा गोल राखला, आणि १९६६ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत तो भारताचा कर्णधार होता. अंतिम सामन्यात आपण पाकिस्तानला एका गोलाने हरवले. अलीकडे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकात श्रीजेश कर्णधार होता, आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ब्राँझपदक मिळवणाऱ्या मुलींची कर्णधार होती सविता पुनिया. तीही गोलरक्षकच.

तेव्हा जमते की नाही, हा वाद उरलाच नाही. उरतो तो दुसराच प्रश्न, आणि तो अवघड आहे. त्यासाठी परत कॅनडात जाऊ, पण या वेळी पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हरला.

२००८ च्या सप्टेंबरात व्हँकुव्हरच्या संघाने रॉबर्टो लुओंगो या आपल्या गोलरक्षकाला कर्णधार जाहीर केले. डरनननंतर साठ वर्षांनी! नियम तर बंदीचाच. मग त्यांनी तोड काढली. पंचांशी बोलण्याचे काम विली मिचेल नावाच्या बचावाच्या खेळाडूकडे दिले. समारंभात पुढे होऊन हात मिळवण्याचे वगैरे काम दुसऱ्याकडे, मॅटियास ओलुंडकडे. आणि लुओंगो कर्णधार राहिला तो ड्रेसिंग रूममध्ये आणि संघाच्या मनात. छातीवर 'सी' लावायची परवानगी नाही म्हणून त्याने ते अक्षर आपल्या मुखवट्यावर रंगवून घेतले. मला ही तोड फार आवडली. कर्णधाराचा निरोप्या एक, कर्णधार दुसरा.

झाले काय? त्याच हंगामात जांघेच्या दुखापतीने तो कितीतरी सामने बाहेर बसला. मे २००९ मध्ये बाद फेरीत शिकागोने त्यांना घरी पाठवले, आणि शेवटच्या सामन्यात लुओंगोने सात गोल खाल्ले. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच शिकागोकडून हार. व्हँकुव्हरची पत्रे आणि प्रेक्षक यांनी त्याचा पिच्छा सोडला नाही. आघाडीचा कर्णधार हरला तर लोक म्हणतात, संघ हरला. गोलरक्षक कर्णधार हरला की त्याची चूक आकड्यात लिहिलेली असते, सात, आणि तोच माणूस अर्ध्या तासाने वार्ताहरांपुढे उभा राहून संघाच्या वतीने उत्तरे देणार. चूकही त्याची, खुलासाही त्याचा. २०१० च्या सप्टेंबरात त्याने कर्णधारपण सोडले. ते हेन्रिक सेडिनकडे गेले.

ओझे उतरल्यावर तो सुधारला, असे सांगणारे पुष्कळ आहेत. पुढचा हंगाम त्याचा उत्तम गेला हे खरे. संघ अंतिम फेरीत गेला. पण तिथे बॉस्टनविरुद्ध प्रशिक्षकाने त्याला दोन सामन्यांत मधूनच बाहेर बोलावले आणि दुसरा गोलरक्षक उभा केला. आणि सातवा, निर्णायक सामना ते घरच्या मैदानावर चार-शून्य हरले. कर्णधारपण नव्हते तरी गोल झालेच की.

मात्र त्या बाहेर बोलावण्यात बंदीच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा आहे, आणि त्याच्याकडे मी दुर्लक्ष करणार नाही. या खेळात गोलरक्षक हा असा खेळाडू आहे की त्याला भर सामन्यात सगळ्यांदेखत काढावे लागते. कधी त्याची चूक म्हणून, कधी बाकीच्यांना जाग यावी म्हणून. हल्ली हंगामात ऐंशीच्या वर सामने असतात, ते सगळे एकच गोलरक्षक खेळत नाही, दुसरा असतोच. मग कर्णधार बाकावर बसून टोपी घालून बघतो आहे, आणि संघ खेळतो आहे, असे वरचेवर होणार. प्रशिक्षकाचा हात अडखळेल. काढू की नको? काढले तर कर्णधाराचा अपमान, न काढले तर संघाचे नुकसान. लुओंगोला २०११ मध्ये बाहेर बोलावणे जितके सोपे गेले, तितके तो कर्णधार असता तर गेले नसते, असे मला वाटते. त्या लीगपुरते बोलायचे तर मी म्हणेन: बंदी काढून टाकावी, पण बंदी नसली तरी बहुतेक संघ आपणहून दुसरा कर्णधार निवडतील, आणि ते चूक ठरणार नाही. निवडण्याची मोकळीक असणे आणि निवडणे या दोन गोष्टी आहेत.

पंचांकडे जाण्याच्या भानगडीवर तर फुटबॉलवाल्यांनीही आता तोच उपाय छापून टाकला. २०२४ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत नियम आला की पंचांशी वाद घालायला घोळका करून जायचे नाही, फक्त कर्णधाराने जायचे. मग गोलरक्षक कर्णधार असेल तर? स्लोव्हेनियाचा होताच, यान ओब्लाक. तर त्या संघाने मैदानातला एक खेळाडू आधीच नेमून द्यायचा, तो पंचांकडे जाईल. कर्णधार कर्णधारच राहील. डरननच्या वेळी कोणाला हे सुचले असते तर एका ओळीत काम झाले असते! असो.

आता शाळामास्तर मंडळींसाठी थोडे. आपल्या शाळेच्या संघाला ऐंशी सामने नाहीत, वार्ताहर नाहीत, बाकावर दुसरा गोलरक्षक तर बहुधा नाहीच. त्यामुळे त्या लीगच्या अडचणी आपल्या नव्हेत. आपली अडचण निराळी आहे. आपण नायक निवडतो तो दिसणाऱ्यातून. जो गोल करतो, जो मोठ्याने बोलतो, कधी कधी ज्याचे वडील पंचायतीत असतात तो. मागे उभा राहून सबंध मैदान ज्याला दिसते, त्याच्याकडे आपली नजर शेवटी जाते. फुटबॉल खेळलेला कोणीही सांगेल, आघाडीच्या मुलाला समोरचे चार जण दिसतात. गोलरक्षकाला बावीसच्या बावीस दिसतात.

पण सगळे दिसते म्हणून तो नायक व्हायला लायक झाला, असे नव्हे. लुओंगोची गोष्ट मी एवढ्यासाठीच सांगितली. गोलरक्षकाची चूक झाकता येत नाही. २०१८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सचा कर्णधार आणि गोलरक्षक लोरिस याच्या पायातून चेंडू सुटला आणि क्रोएशियाला फुकटचा गोल मिळाला. सगळे जग बघत होते. फ्रान्स तेव्हा चार-एकने पुढे होते म्हणून निभावले, आणि थोड्या वेळाने त्यानेच करंडक उचलला. पण मधली वीसेक मिनिटे त्याला त्या चुकीसकट उभे राहून पुढच्यांना सांभाळायचे होते. तेवढे ज्याला जमते त्याला द्या नायकपण. ज्याला जमत नाही त्याचे काही वाईट नाही. तो चांगला गोलरक्षक राहील, बाकीचे कोणीतरी करील.

हे आधी ओळखायचे कसे? मला पक्के सांगता येणार नाही. गेल्या महिन्यात आमच्या शाळेत आता असलेल्या तरुण सरांचा फोन आला. त्यांच्यापुढे तोच पेच. म्हणाले, "सर, पोरं म्हणताहेत गोलकीपरला नायक करा. काय करू?" मी म्हटले, "दोन गोष्टी करा. पंचांशी बोलायला मधल्या फळीतला एखादा शांत मुलगा आजच नेमून टाका. आणि त्या गोलकीपरला एवढेच विचारा, गोल झाला की तू पहिल्यांदा काय करतोस?"

चार दिवसांनी परत फोन आला. त्यांनी विचारले होते. मुलगा जरा गोंधळला, मग म्हणाला, "जाळ्यातनं चेंडू काढतो, मधे फेकतो, नि आमच्या बॅककडे बघतो. तो रडवेला झालेला असतो बऱ्याचदा." सरांनी त्याचे नाव फळ्यावर लावले आहे. पहिला सामना दिवाळीनंतर आहे.